उपमा की रूपक? आधी 'सारखा' शोधणं थांबवा

संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या सातवी-आठवीच्या मुलांना मी एकदा उपमेची पाच-पाच उदाहरणं घरून लिहून आणायला सांगितली. एका मुलीच्या वहीत तिसरं वाक्य होतं, 'आई म्हणाली, चादर सारखी कर.'

मी विचारलं, "ह्यात उपमा कुठे आहे गं?"

तिने वहीवर बोट ठेवलं. "ओ बाई, 'सारखी' आहे की त्यात."

चूक तिची नव्हती. आदल्याच दिवशी मी फळ्यावर लिहून दिलं होतं की सारखा, समान, सम, प्रमाणे, जसा, परी ह्यांपैकी काही दिसलं की उपमा. जणू, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. आणि ह्यांतलं काहीच नसेल तर रूपक. मलाही शाळेत असंच शिकवलं होतं आणि मी ते तसंच पुढे चालवलं होतं. मुलीने नियम अचूक पाळला आणि उत्तर साफ चुकलं. त्या दिवसापासून मी शब्दांची यादी सगळ्यात शेवटी देते. आधी काय द्यायचं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. शाळेतल्या मुलांना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि स्वतः काही लिहू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

भेद राहिला की झाकला गेला

भरताच्या नाट्यशास्त्रात अवघे चार अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ही संख्या वाढवत वाढवत शंभराच्या वर नेली, पण उपमा आणि रूपक सुरुवातीपासून शेजारी शेजारीच राहिले. अकराव्या शतकातल्या मम्मटाने उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली: 'साधर्म्यमुपमा भेदे'. दोन वस्तू वेगळ्या आहेत हे कबूल करून त्यांच्यातला समान गुण दाखवला, की उपमा. त्याच्या कितीतरी आधी दंडीने रूपकाबद्दल लिहिलं होतं, 'उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते'. म्हणजे उपमाच, पण तिच्यातला भेद झाकला गेला की तिला रूपक म्हणायचं.

'तिरोभूत' ह्या शब्दापाशी मी वर्गात बराच वेळ थांबते. भेद नष्ट झाला असं दंडी म्हणत नाही. तो झाकला गेला, असं म्हणतो. उन्हात तापलेल्या रस्त्याला तवा म्हणणाऱ्याला तो रस्ताच आहे हे पक्कं ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. दोघं मिळून तेवढ्यापुरता भेदावर पडदा टाकतात. ह्या लेखात पुढे जे काही येईल, ते सगळं ह्या एका प्रश्नावर उभं आहे: ह्या वाक्यात दोन वस्तूंमधला भेद उघडा आहे की झाकलेला?

चार जागा ओळखायला शिका

मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी हातात घेऊन बघितली असेल तर पुढचं वाक्य समजावून सांगावं लागणार नाही: 'ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे टपोरे आहेत.'

ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, म्हणजे इथे दाणे. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, म्हणजे मोती. दोघांत असलेला गुण तो साधारण धर्म, म्हणजे टपोरेपणा. आणि जोडणारा तो साम्यवाचक शब्द, म्हणजे 'सारखे'. चारही जागा भरलेल्या आहेत, म्हणून ही पूर्णोपमा.

आता एकेक जागा रिकामी करत जाऊ. 'ज्वारीचे दाणे मोत्यांसारखे आहेत.' इथे धर्म गळला, ही लुप्तोपमा. टपोरे म्हणायचं आहे, पांढरे म्हणायचं आहे की चकचकीत, हे आता वाचणाऱ्याने ठरवायचं. पुढे, 'ज्वारीचे मोती ओंजळीत घेतले.' धर्म गेला, 'सारखे' गेलं, दाणे हेच मोती झाले. भेद झाकला गेला, हे रूपक. आणि त्याही पुढे, 'यंदा कणसाकणसात मोती लगडलेत.' इथे दाण्यांचं नावही नाही; उपमानाने उपमेयाला पूर्ण गिळलं. शास्त्रात ह्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. शाळेत बरेचदा हेही रूपकातच मोडतात आणि सातवी-आठवीला त्याने काही बिघडत नाही. पण 'उपमेय आणि उपमान दोन्ही दिसतात ते रूपक' एवढं लक्षात ठेवलंत तर पुढे गोंधळ होणार नाही.

मुलांना मी हा चार वाक्यांचा जिना वहीत एकाखाली एक लिहायला लावते. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना नेमका कोणता शब्द पुसला गेला, हे हाताने खोडून बघितलं की डोक्यात बसतं.

पहिली पायरी: 'सारखा' चाळून घ्या

मराठीतला 'सारखा' एकटा शब्द नाही. तो निदान पाच वेगवेगळी कामं करतो.

'तो सारखा बोलत असतो' इथे त्याचा अर्थ सतत. 'दोघांना सारखे पैसे दिले' इथे समसमान. 'सोलापूरची गड्डा यात्रा एकदा तरी बघण्यासारखी आहे' इथे बघण्याच्या योग्यतेची. 'चादर सारखी कर' इथे नीट, सुरकुत्या काढलेली. आणि 'चादरीसारखं उबदार घर' इथे मात्र तुलना. पाचांतून फक्त शेवटचा 'सारखा' उपमेच्या कामाचा.

बाकीच्या शब्दांचंही तसंच आहे. 'सांगितल्याप्रमाणे केलं' ह्यात उपमा नाही. 'समान काम, समान वेतन' ह्यात नाही. 'जसा वेळ मिळेल तसा ये' ह्यातही नाही. कवितेत 'परी' दिसली तर ती 'प्रमाणे' असेल, 'परंतु' असेल किंवा पंखवाली परी असेल. ओळ पूर्ण वाचल्याशिवाय कळणार नाही.

उलट, यादीत नसलेले शब्दही उपमा करतात. आपल्याकडे गावाकडून आलेली माणसं 'माकडागत उड्या मारतंय', 'येड्यावानी करू नको' म्हणतात. ह्या अस्सल उपमा आहेत. संस्कृत वळणाच्या लेखनात 'यंत्रवत', 'पितृतुल्य' येतात. त्यातले 'वत' आणि 'तुल्य' हेही साम्यवाचकच. आणि कधी कधी हे काम क्रियापद करतं: बरोबरी करतो, तोडीस तोड आहे. हे शब्द पाठ करायची गरज नाही. 'अमुक तमुकसारखं आहे' असं वाक्य फिरवून म्हणता आलं, आणि अर्थ तोच राहिला, तर तिथे साम्यवाचक शब्द कोणत्या तरी रूपात हजर आहे असं समजा.

ह्याच पायरीवर आणखी एक चाळणी लावायची. 'धाकटी अगदी थोरलीसारखी दिसते', 'हा टॉवेल कालच्या टॉवेलसारखाच आहे' ह्या वाक्यांत तुलना खरी आहे, पण अलंकार नाही. जुने शास्त्रकार ह्यासाठी गाय आणि गवा ह्यांचं उदाहरण देतात: गवा गाईसारखा असतो, ही माहिती झाली, त्यात चमत्कृती नाही. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी अचानक शेजारी आल्या आणि त्यांच्यातलं साम्य मनाला लागलं, तरच ती उपमा.

दुसरी पायरी: डोळ्यांपुढे खरंच काय आहे?

इथे मुलं सर्वात जास्त अडखळतात, म्हणून मी त्यांना डोळे मिटून वाक्यातला प्रसंग बघायला सांगते. फोटो काढला तर त्यात काय येईल? जे फोटोत येईल ते उपमेय. जे फक्त बोलणाऱ्याच्या मनात आहे ते उपमान. 'मे महिन्यात रस्ता तव्यासारखा तापला होता' ह्याचा फोटो काढला तर रस्ता येईल, तवा येणार नाही.

अमूर्त गोष्टींना ही युक्ती थोडी वळवून लावावी लागते. 'आठवणींचं गाठोडं' ह्याचा फोटो निघत नाही. तिथे विचारायचं, बोलणं कशाबद्दल चाललंय? आठवणींबद्दल. म्हणजे ते उपमेय, आणि गाठोडं उपमान.

तिसरी पायरी: एकच गोष्ट सात तऱ्हांनी

सोलापूरचा उन्हाळा पारा 40 अंशांच्या पुढे नेतो, त्यामुळे तापलेल्या रस्त्याचं उदाहरण आमच्या मुलांना लगेच पटतं. तोच रस्ता, तोच तवा, फक्त बोलण्याची तऱ्हा बदलू या.

'रस्ता तव्यासारखा तापला होता.' दोन्ही वेगळे, साम्य सांगितलं. उपमा.

'रस्ता म्हणजे जणू चुलीवर ठेवलेला तवाच.' तवा असावा असं वाटतंय, कल्पना चालली आहे. उत्प्रेक्षा.

'रस्त्याच्या तव्यावर अनवाणी पावलं भाजली.' वाटण्याचा प्रश्नच नाही, रस्ता हाच तवा. रूपक.

'हा रस्ता नव्हे, तवा आहे.' रस्ता असल्याचं चक्क नाकारलं आणि त्याच्या जागी तवा बसवला. अपन्हुती.

'रस्ता तव्याहूनही तापलेला.' उपमेय उपमानाच्या वरचढ. व्यतिरेक.

'हा रस्ता की तवा?' निर्णय होत नाही. ससंदेह.

'सोलापूरचं ऊन सोलापूरच्या उन्हासारखंच.' तुलनेला दुसरं काही मिळालंच नाही. अनन्वय.

शेवटचे तीन सहज ओळखू येतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका. खरी गल्लत होते ती रूपक, उत्प्रेक्षा आणि अपन्हुती ह्या तिघांत, कारण तिन्ही ठिकाणी उपमान जोरात पुढे येतं. त्यांना बोलणाऱ्याच्या खात्रीवरून वेगळं करा. 'असं वाटतंय' म्हणतो तो उत्प्रेक्षा करतो. 'आहेच' म्हणतो तो रूपक करतो. 'ते नाहीच, हे आहे' म्हणतो तो अपन्हुती करतो. माझ्या वर्गात मुलं ह्यासाठी हाताच्या खुणा करतात: उत्प्रेक्षेला तळहात हलवायचा, रूपकाला मूठ वळायची, अपन्हुतीला आधी हात झटकायचा आणि मग मूठ वळायची. आठवीतल्या मुलांना खुणा बालिश वाटतील असं मला वाटलं होतं, पण परीक्षेच्या खोलीत बाकाखाली हात हलताना मी पाहिले आहेत.

'जणू' नसलेली उत्प्रेक्षा

आता जरा खोल पाण्यात जाऊ. 'आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला.' इथे 'सारखा' आहे आणि तो सततच्या अर्थाचाही नाही. मग उपमा?

नीट बघा, हा 'सारखा' कुणाला चिकटलाय? नामाला नाही, क्रियेला. फाटणं ह्या क्रियेला. आणि आभाळ फाटताना कुणी पाहिलेलं नाही. ओळखीच्या वस्तूशी तुलना झालेली नाही. 'आभाळ फाटलं असावं' अशी कल्पना केली आहे. 'कुणीतरी मागून ढकलल्यासारखा तो आत आला', 'भूत बघितल्यासारखा चेहरा झाला' ही सगळी त्याच घरातली वाक्यं. ह्या 'ल्यासारखा'च्या जागी 'जणू' घालून बघा: जणू आभाळ फाटलं, जणू कुणी ढकललं. चपखल बसतं. म्हणून ह्यांना मी उत्प्रेक्षा म्हणते.

संस्कृतातही हाच पेच होता. तिथला 'इव' हा शब्द उपमेतही येतो आणि उत्प्रेक्षेतही, आणि तो क्रियापदाला जोडून आला की शास्त्रकार उत्प्रेक्षेकडे वळतात. म्हणजे आमच्या मुलीने केलेली गडबड हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या विद्वानांनाही विचार करायला लावणारी होती. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र मनापासून करते: बहुपर्यायी प्रश्नात असं वाक्य आलं तर आधी पर्याय वाचा. उत्प्रेक्षा पर्यायात नसेल आणि उपमा असेल, तर वाद मनात ठेवून उपमा निवडा.

चौथी पायरी: 'हाच' घालून बघा

रूपक बहुतेक वेळा षष्ठीच्या वेषात येतं: दुःखाचा डोंगर, आठवणींचं गाठोडं, रस्त्याचा तवा. पण प्रत्येक 'चा-ची-चे' रूपक नसतो. चादरीचा काठ, शेंगांची चटणी, तळ्याचं पाणी ह्यांत फक्त नातं आहे. ओळखायचं कसं? दोन शब्दांच्या मध्ये 'हाच, हीच, हेच' घाला.

दुःख हाच डोंगर. बसलं. आठवणी हेच गाठोडं. बसलं. चादर हाच काठ? नाही बसत. तळं हेच पाणी? नाही.

कधी कधी कसोटी लावायची जागा चुकते. 'सिद्धेश्वर तलाव हा शहराचा आरसा आहे' ह्या वाक्यात 'शहर हाच आरसा' म्हणून बघितलं तर बसणार नाही, आणि मूल म्हणेल रूपक नाही. पण इथे जोडी तलाव आणि आरशाची आहे. 'शहराचा' हे नुसतं कुणाचा ते सांगतं. 'तलाव हाच आरसा' म्हणा, लगेच बसतं. म्हणून दुसरी पायरी आधी आणि ही नंतर. उपमेय-उपमान पक्के केल्याशिवाय 'हाच' घालू नका.

'म्हणजे' दिसलं की सावध

'सोलापूर म्हणजे चादर.' शहराबाहेरचा कुणीही हे वाक्य म्हणतो आणि मुलं हमखास ह्याला रूपक म्हणतात. सोलापूर चादरीसारखं आहे का? जाड आहे? दोन्ही बाजूंनी वापरता येतं? तसं काही म्हणायचंच नाही. सोलापुरात चादरी विणल्या जातात, शहराची ओळख चादरीने झाली, एवढंच म्हणायचं आहे. इथे साम्य नाही, संबंध आहे. साम्य नसेल तर उपमा नाही आणि रूपकही नाही.

असंच दुसरं वाक्य, 'यंत्रमाग थांबले आणि पूर्व भाग उपाशी झोपला.' पूर्व भाग ही वस्ती. वस्तीला भूक लागत नाही. भूक लागली ती तिथे राहणाऱ्या विणकरांच्या घरांना. जागेचं नाव घेऊन माणसं सुचवली. ह्याला लक्षणा म्हणायचं. माणसं आणि वस्ती ह्यांच्यात साम्य नाही, ती तिथे राहतात एवढं नातं आहे. हे वाक्य मी मुद्दाम दरवर्षी घेते, कारण ज्यांच्या घरात माग बंद असण्याचे दिवस आलेले आहेत अशी मुलं समोर बसलेली असतात आणि 'कोण उपाशी झोपलं?' ह्या प्रश्नाला ती पुस्तकात न बघता उत्तर देतात.

मग 'म्हणजे' असलेलं रूपक कसं असतं? 'आजी म्हणजे आमच्या घरावरची चादर.' इथे आजी आणि चादर ह्यांत ऊब, पांघरूण घालणं, वर्षानुवर्षं टिकणं हे सगळं साम्य आहे. 'सारखी' घालून वाक्य उभं राहतं: आजी चादरीसारखी आहे. पण 'सोलापूर चादरीसारखं आहे' म्हटलं की वाक्य कोसळतं. ही उलटी कसोटी लक्षात ठेवा: रूपकात 'सारखा' घातला तर जोर कमी होतो पण अर्थ टिकतो, लक्षणेत घातला तर अर्थच जातो.

सामासिक शब्दांचं काय करायचं

मेघश्याम, चरणकमल, विद्याधन. तिन्ही कर्मधारय, पण आतली वीण वेगळी. मेघश्याम म्हणजे मेघासारखा श्याम. विग्रहातच 'सारखा' निघतो, म्हणून उपमा. विद्याधन म्हणजे विद्या हेच धन. विग्रहात 'हेच' निघतो, म्हणून रूपक. भवसागरही तसाच.

चरणकमल मात्र दोन्हीकडे जाऊ शकतं: कमळासारखे चरण किंवा चरण हेच कमळ. अशा वेळी वाक्यातली क्रिया बघायची. 'चरणकमलांवर माथा ठेवला' ह्यात माथा चरणांवर ठेवतात, कमळावर नाही. क्रिया उपमेयाला शोभते, म्हणून उपमा. 'अंगणात चरणकमलं उमलली' ह्यात उमलणं कमळाचं. क्रिया उपमानाला शोभते, म्हणून रूपक. ही कसोटी जुनीच आहे, मम्मटानेही पायांतल्या नूपुरांवरून असाच निर्णय केलेला आहे. मला स्वतःला सगळ्या अलंकारशास्त्रातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते: शब्द तोच, पण शेजारचं क्रियापद त्याचा अलंकार ठरवतं.

झिजलेली रूपकं आणि प्रतीकं

घड्याळाचे काटे, बाटलीचं तोंड, टेबलाचा पाय. कधीकाळी ही रूपकं असतील. आता ती वस्तूंची नावंच झाली आहेत. ह्यांना अलंकार म्हणू नका. 'डोळ्यांत धूळ फेकणे' वगैरे वाक्प्रचारही तसेच.

प्रतीकाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण आमच्या शहरातली मुलं जानेवारीत गड्डा यात्रा बघून येतात आणि हाच प्रश्न विचारतात. अक्षता सोहळ्यात ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह होतो. "मग योगदंड हे रूपक का, बाई?" नाही. तिथे योगदंड सिद्धेश्वरांसारखा दिसतो म्हणून उभा नाही. तो त्यांच्या जागी उभा आहे, परंपरेने आणि श्रद्धेने. ते प्रतीक. रूपक वाक्यात जन्मतं आणि साम्यावर जगतं. प्रतीकाला वाक्याची गरज नसते.

घरची भाषा वेगळी असेल तर

माझ्याकडे येणारी निम्मी मुलं घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. त्यांना मी वाक्य आधी घरच्या भाषेत सांगायला लावते. वाघासारखा म्हणायला कुणी 'पुली लागा' म्हणतं, कुणी 'हुली हंग', कुणी 'शेर जैसा', आणि अक्कलकोटच्या बाजूचा एखादा 'वाघागत'. चारही भाषांत साम्याचा शब्द नावाच्या मागून येतो, हे कळल्यावर मुलांचे डोळे लकाकतात. तेलुगू आणि कन्नड व्याकरणात उपमा आणि रूपक ही नावंही हीच आहेत, त्यामुळे थोरल्या भावाचं पुस्तकही चालतं.

उर्दूत उपमेला तशबीह आणि रूपकाला इस्तिआरा म्हणतात, पण सीमारेषा तंतोतंत तीच नाही. 'तो वाघ आहे' ह्या वाक्यात माणूस आणि वाघ दोघंही हजर असल्यामुळे जुनं उर्दू-अरबी शास्त्र त्याला तशबीहचाच एक जोरकस प्रकार मानतं. माणसाचं नावच गाळून 'वाघ आला' म्हटलं, की इस्तिआरा. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाने 'तो वाघ आहे' ह्याला उपमा म्हटलं तर त्याला चूक म्हणून थांबवू नका. त्याच्या शास्त्रात तो बरोबर आहे. मराठीच्या पेपरात मात्र रूपक लिहायचं.

स्वतः लिहिताना

ओळखता आलं की निवडता येतं. वाचणाऱ्याला एक नेमका गुण दाखवायचा असेल तर उपमा घ्या, आणि धर्म स्पष्ट सांगा. खूप काही एकदम सुचवायचं असेल तर रूपक घ्या आणि धर्म सांगू नका. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावत बाणा, म्हणजे आडवा धागा, भरणारं साधन. 'आई धोट्यासारखी चपळ आहे' ह्यात फक्त चपळाई कळते. 'आई ह्या घराचा धोटा आहे' म्हटलं की इकडून तिकडे सतत धावणं, तिच्या धावण्यानेच घर विणलं जाणं, आणि ती थांबली तर सगळंच थांबणं, हे सगळं न सांगता येतं.

रूपक लांबवलं की सांगरूपक होतं. 'घराच्या मागावर बाबांनी दिवसांचा ताणा लावला, आईने कष्टांचा बाणा भरला, आणि आम्ही भावंडं त्यावरची नक्षी झालो.' घर हा माग, दिवस हा ताणा, कष्ट हा बाणा, मुलं ही नक्षी. एका रूपकाची सगळी अंगं जागच्या जागी. ह्यात मध्येच 'आणि संसाराची नाव पैलतीराला लागली' असं लिहिलंत तर मागावर अचानक पाणी येतं. लिहून झाल्यावर उपमानांची फक्त नावं बाजूला लिहून काढा. माग, ताणा, बाणा, नक्षी, नाव. वेगळ्या घरातून आलेलं नाव लगेच दिसेल. ते काढून टाका.

सरावासाठी

उत्तर झाकून आधी स्वतः ठरवा.

'बाराबंदीच्या लाटांवर नंदीध्वज डोलत होते.' बाराबंदी म्हणजे गड्डा यात्रेत भक्त घालतात तो पांढरा अंगरखा, आणि नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या. बाराबंद्या ह्याच लाटा, रूपक. डोलण्याची क्रियाही लाटेला शोभणारी.

'शेंगाचटणीचा घास घेतला आणि जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं.' क्रियेला चिकटलेला 'सारखं', उत्प्रेक्षा.

'किल्ल्याचे बुरूज तळ्यात वाकून आपलं रूप न्याहाळतात.' उपमान म्हणून माणसाचं नावही नाही, फक्त माणसाची कृती दगडाला दिली, चेतनगुणोक्ती.

'कडक भाकरी पापडासारखी मोडते.' ह्यावर वर्गात दरवेळी वाद होतो. दोन्ही खाण्याचेच पदार्थ, मग हे गाय-गव्यासारखं झालं का? मी उपमा मानते, कारण भाकरी पापडासारखी मोडावी ही अपेक्षा नसते आणि म्हणूनच ते ऐकताना कान टवकारतात. तुमचं मत वेगळं असेल तर कारण देऊन लिहा. कारण पटलं तर मी गुण देते.

'तो सारखा घड्याळाकडे बघत होता.' अलंकार नाही.

आणि हे शेवटचं वाक्य त्याच मुलीचं. पुढच्या आठवड्यात तिने वही पुन्हा पुढे केली. तिसऱ्या क्रमांकावरचं जुनं वाक्य खोडून खाली लिहिलं होतं, 'दिवसभर विस्कटलेलं घर आई रात्री चादरीसारखं सारखं करते.' घर हे उपमेय, चादर उपमान, पहिलं 'सारखं' साम्यवाचक शब्द, आणि दुसरं 'सारखं करणं' हाच साधारण धर्म. चारही जागा भरलेल्या. पूर्णोपमा.